पाहुणे की वाटेकरी?

हिवाळा लागला की मराठी वृत्तपत्रांत एक ठरावीक मथळा दिसू लागतो. उजनीच्या जलाशयावर, नांदूर मध्यमेश्वरला, जायकवाडीवर किंवा ठाण्याच्या खाडीत 'परदेशी पाहुण्यांचे आगमन' झालेले असते. हे पाहुणे हजारो किलोमीटरांचा प्रवास करून आलेले असतात, इथला 'पाहुणचार' घेत असतात आणि ऊन तापू लागले की 'मायदेशी' परतणार असतात. बातमी लिहिणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो यात शंका नाही. वाचणाऱ्यालाही घटकाभर बरे वाटते. तरीही या शब्दाविषयी आमची तक्रार आहे, आणि ती केवळ शिळ्या झालेल्या रूपकाविषयीची तक्रार नव्हे. आमचे म्हणणे असे की, स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत 'पाहुणा' हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही. आणि ज्या आंतरराष्ट्रीय सहकार्यावाचून हे प्राणी जगू शकत नाहीत, त्या सहकार्याच्या मुळावरच तो उठतो. शास्त्रज्ञांचे काम साहित्याच्या अभ्यासकांना करता येणार नाही. पण त्या कामाभोवती कोणती भाषा वावरते आहे, हे पाहणे मात्र आपलेच काम आहे.

पाहुणा या शब्दात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, त्याचे खरे घर दुसरीकडे आहे. दोन, तो इथे राहतो तो यजमानाच्या मर्जीने. तीन, त्याचे आतिथ्य हा यजमानाचा चांगुलपणा आहे. पाहुण्याला मान असतो, हक्क नसतो. घर विकायचे असेल, पाडायचे असेल, तर पाहुण्याला विचारण्याचे कारण नाही; फार तर त्याने या वर्षी दुसरीकडे उतरावे, असे सुचवता येते. आता या तिन्ही गोष्टी पक्ष्यांना लावून पाहू.

चातकाचेच उदाहरण घ्या. मराठी कवितेत आणि मराठी बोलण्यात चातकाइतका घरचा पक्षी दुसरा क्वचितच असेल. पण पश्चिम आणि उत्तर भारतात दिसणारा चातक मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे आफ्रिकेच्या दिशेने येतो, सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतो आणि पावसाळा सरल्यावर परत जातो. वर्षातले अधिक महिने तो तिकडेच असतो. महिने मोजून घर ठरवायचे तर चातक आफ्रिकी ठरेल, जन्मस्थानावरून ठरवायचे तर भारतीय. याउलट तिबेट-मंगोलियातल्या सरोवरांकाठी वीण करणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टेरी हंस ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धे वर्ष, आपल्याकडे काढतो. अर्धे वर्ष एका ठिकाणी राहणाऱ्या माणसाला आपण पाहुणा म्हणत नाही. चातक आपला आणि हा हंस परका, हा निवाडा निसर्गाने दिलेला नाही. तो आपल्या भाषेने दिलेला आहे.

'परदेशी' या विशेषणाची गत याहून वाईट आहे. ठाण्याच्या खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बातम्यांतून सर्रास परदेशी ठरवले जातात. परंतु रोहितांची मोठी वीण कच्छच्या रणात होते आणि सलीम अलींनी तिथल्या 'फ्लेमिंगो सिटी'ची नोंद गेल्या शतकाच्या मध्यापूर्वीच केलेली आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ साली काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, तेव्हा मुंबई आणि गुजरात यांमधली त्यांची ये-जा स्पष्ट झाली. म्हणजे ज्याला आपण परदेशी पाहुणा म्हणतो, तो पुष्कळदा शेजारच्या राज्यातून आलेला असतो.

आपल्या जुन्या कवींना ही अडचण नव्हती. कालिदासाच्या मेघदूतात हंस मानस सरोवराकडे निघतात आणि कैलासापर्यंत मेघाचे सोबती होतात. हिमालयातले क्रौंचरंध्र हे त्यांचे जाण्याचे दार असते. प्रत्यक्षात हंस पाऊस लागण्याच्या बरेच आधी उत्तरेकडे निघून जातात, त्यामुळे हा कविसमय पंचांगाशी जुळत नाही, हे मान्य. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. या कल्पनेत यजमान कुणीच नाही आणि पाहुणाही कुणी नाही. एक लांबलचक वाट आहे, तिच्यावर एक अरुंद दार आहे आणि बरोबर चालणारे सोबती आहेत. पक्ष्याकडे पाहताना कवीला आधी वाट दिसली. आम्हांला मात्र आधी आमचे अंगण दिसते.

विशेष हे की, वाटेची हीच दृष्टी आधुनिक आंतरराष्ट्रीय कायद्यानेही स्वीकारलेली आहे. स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांच्या संवर्धनाचा करार २३ जून १९७९ रोजी बॉन येथे झाला आणि १९८३ साली अमलात आला. भारत १९८३ पासूनच त्याचा सदस्य आहे. या कराराची परिभाषा वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावी. ज्या जातीतील प्राण्यांचा लक्षणीय हिस्सा आवर्ती रीतीने आणि अंदाज बांधता येईल अशा पद्धतीने एक किंवा अधिक राष्ट्रांच्या सीमा ओलांडतो, ती स्थलांतर करणारी जात, अशी तिची व्याख्या आहे. यात मायदेश नाही, परदेश नाही. अंडी जिथे घातली तो प्रदेश श्रेष्ठ आणि हिवाळा जिथे काढला तो दुय्यम, असाही भेद नाही. प्राण्याच्या संचारक्षेत्राच्या कोणत्याही भागावर ज्याचा अधिकार चालतो, ते प्रत्येक राष्ट्र 'रेंज स्टेट'. इतकेच नव्हे, तर राष्ट्रीय हद्दीबाहेर, भर समुद्रात, ज्याच्या ध्वजाखालची जहाजे त्या जातीची पकड करतात, ते राष्ट्रही या संज्ञेत येते. म्हणजे किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असतानाही जबाबदारी सुटत नाही.

'रेंज स्टेट'ला मराठीत काय म्हणावे? सरकारी वळणाने जायचे तर 'संचारक्षेत्रीय राष्ट्र' असा शब्द तयार होईल आणि कुणाच्याही तोंडी बसणार नाही. आम्ही 'वाटेकरी' हा शब्द सुचवतो. वाट आणि वाटा हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने वेगळे शब्द आहेत, जुन्या लेखनात दुसऱ्याच्या 'वां'वर अनुस्वारही असे, हे आम्ही जाणतो. परंतु आज कानाला ते एकमेकांशेजारी ऐकू येतात आणि इथे तो योग उपयोगी पडतो. जो वाटेवर आहे, तो वाटेकरी आहे. शेतीतला वाटेकरी पिकात हिस्सा घेतो, तसा कष्टातही घेतो. त्याने आपला भाग पडीक टाकला तर इतरांचे नुकसान होते आणि त्याचा जाब त्याला विचारता येतो. पाहुण्याच्या यजमानाला जाब कोण विचारणार?

हे नाते आपल्या समाजाला नवे नाही. धनगरांचे वाडे पावसाळा सरल्यावर देशावरून कोकणाकडे उतरतात आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी परततात. वाटेतल्या गावांत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, जमिनीला खत मिळते आणि त्याच्या मोबदल्यात धनगराला धान्य मिळते. यात जिव्हाळा असेल किंवा नसेल, कुरबुरी तर असतातच. पण हा पाहुणचार नव्हे. हा वर्षानुवर्षे चालत आलेला, पुष्कळ गावांनी मिळून पाळलेला व्यवहार आहे. त्यातल्या एका गावाने वाट अडवली, तर सगळ्या वाटेवरचा व्यवहार विस्कटतो. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या संरक्षणासाठी जे सहकार्य लागते, ते तत्त्वतः याच जातीचे आहे.

पाहुणचाराची भाषा आणि वाटेकऱ्यांचा व्यवहार यांतला फरक किती महाग पडू शकतो, हे पाहायचे तर राजस्थानातील भरतपूरला जायला हवे. तिथली केवलादेवची पाणथळ भूमी मूळची संस्थानिकांची शिकारीची जागा. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, असे तिथल्या शिलालेखावर कोरलेले आहे. माणूस-पाहुण्याच्या मानासाठी पक्षी-पाहुण्यांचा बळी, अशी ती व्यवस्था होती. स्वातंत्र्यानंतर शिकार हळूहळू थांबली, १९८१ साली ती भूमी रामसर स्थळांच्या यादीत गेली, तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ साली तिची गणना जागतिक वारशात झाली. भरतपूरच्या कीर्तीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तिथे हिवाळ्यात उतरणारे पांढरेशुभ्र सायबेरियन क्रौंच. पश्चिम सायबेरियातल्या ओब नदीच्या खोऱ्यातून चार-पाच हजार किलोमीटरांची वाट तुडवून ते येत.

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तिथे म्हशींच्या चराईला बंदी झाली. आसपासच्या गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर एका आदेशाने बंद झाला, संघर्ष झाला, पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी मेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून जे निष्पन्न झाले, ते विचार करायला लावणारे आहे. म्हशी चरत होत्या म्हणून पाणथळीतले गवत आटोक्यात होते. त्या गेल्या आणि गवताने पाण्याचा उघडा पृष्ठभाग व्यापला, त्याचा फटका पाणपक्ष्यांनाच बसला. पाहुण्यांची बडदास्त ठेवण्यासाठी घरच्यांना बाहेर काढले आणि त्यात पाहुण्यांचेही भले झाले नाही. गावकरी आणि म्हशी हेही त्या पाणथळीतले वाटेकरी होते, हे ध्यानात येईपर्यंत माणसांचे जीव गेलेले होते.

तरीही क्रौंचांचा ऱ्हास भरतपुरात झाला असे म्हणता येत नाही. भरतपूर हे वाटेचे एक टोक. मधल्या मुक्कामांत अफगाणिस्तानातले आब-ए-इस्तादा सरोवर होते, आणि त्या देशात १९७९ पासून युद्ध पेटलेले होते. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या सरहद्दीवरील खोऱ्यांत क्रौंचांची शिकार करण्याची जुनी परंपरा होती. वजन बांधलेल्या दोऱ्या आकाशात भिरकावून उडते पक्षी खाली ओढले जात. भरतपुरात १९६०च्या दशकाच्या मध्यास सुमारे २०० क्रौंच उतरत; १९९२-९३ च्या हिवाळ्यात ५ उरले. पुढचे दोन हिवाळे एकही आला नाही. १९९६ मध्ये ४ परतले. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची एक जोडी दिसली. त्यानंतर कुणी नाही.

या काळात सहकार्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. उलट ते फार हृद्य आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९७३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठानाने १९७७ साली, शीतयुद्धाच्या ऐन काळात, सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या मदतीने याकुतियातून क्रौंचांची अंडी अमेरिकेत नेली. क्रौंच बहुधा दोन अंडी घालतात आणि त्यांतले एकच पिल्लू सहसा वाढते. तेव्हा दुसरे अंडे उचलल्याने जंगलातल्या संख्येला फारसा धक्का लागत नाही, असे त्यामागचे गणित होते. अण्वस्त्रे रोखून बसलेली दोन राष्ट्रे अंड्यांच्या उबेची काळजी एकत्र घेत होती. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातही १९८४ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांविषयी करार झाला. आणि १९९३ साली बॉन कराराच्या छत्राखाली सायबेरियन क्रौंचांसाठी एक सामंजस्य करार झाला, तो त्या प्रकारचा पहिलाच. रशिया आणि चीन मूळ बॉन कराराचे सदस्य नसतानाही त्यांनी यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्या अर्थाने तो मोठा मुत्सद्दी विजय होता. पण त्या वर्षी भरतपूरच्या वाटेवर उरलेले पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. वाटेकऱ्यांची सभा भरली तेव्हा वाटायला काही उरलेच नव्हते.

पिंजऱ्यात वाढवलेले क्रौंच आणून भरतपुरात सोडण्याचे प्रयोगही झाले. ते पक्षी जगले, पण वाटेला लागले नाहीत. याचे कारण साहित्याच्या अभ्यासकाला चटकन उमगेल. क्रौंचांची वाट त्यांच्या रक्तात पूर्णपणे लिहिलेली नसते. पहिल्या वर्षीचे पिल्लू आईबापांच्या मागोमाग उडते आणि कोणत्या नदीवर वळायचे, कोणत्या सरोवरावर थांबायचे, हे शिकते. ही एक मौखिक परंपरा आहे. तिची पोथी नाही. शेवटचा जाणकार गेला की ती गेली, मग हाती कितीही पक्षी असोत. ती कृत्रिमरीत्या शिकवण्याचे प्रयत्न रशियात झाले. २०१२ साली अध्यक्ष पुतिन यांनी स्वतः मोटारवर चालणाऱ्या हँगग्लायडरमधून उडून पोरक्या क्रौंचांना वाट दाखवण्याच्या उपक्रमात भाग घेतला, ते जगभर गाजले. इराणच्या फेरेयदूनकेनारला २००७ नंतर पश्चिमेकडच्या कळपातला एकच नर अनेक हिवाळे येत राहिला. लोकांनी त्याला 'ओमीद', म्हणजे आशा, असे नाव दिले. २०२३ साली त्याच्यासाठी बेल्जियममध्ये वाढलेली एक मादी आणून सोडण्यात आली, पण दोघांचा संसार जमला नाही. आज सायबेरियन क्रौंचांचा तगून राहिलेला कळप एकच, याकुतियातून चीनच्या पोयांग सरोवरावर उतरणारा. त्याची संख्या काही हजारांत आहे. चीन, इराण, कझाकस्तान आणि रशिया यांनी २००३ ते २००९ या काळात एकत्रितपणे पाणथळींचा प्रकल्प राबवला, तो या कळपाच्याही वाटेसाठी होता.

आमच्या मांडणीवर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो वजनदार आहे. पाहुणा हा शब्द चूक असेलही, पण तो माणसाच्या मनाला हात घालतो. सामान्य माणूस 'संचारक्षेत्र' ऐकून हलणार नाही, 'पाहुणा' ऐकून हलेल. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉन कराराची तेरावी परिषद गांधीनगरला भरली, तेव्हा भारताच्या पंतप्रधानांनी 'अतिथी देवो भव'चाच दाखला दिला होता. परिषदेचे घोषवाक्य मात्र या दाखल्याच्या पुढे गेलेले होते. स्थलांतर करणाऱ्या जाती पृथ्वीला जोडतात आणि आपण मिळून त्यांचे त्यांच्या घरी स्वागत करतो, असा त्याचा आशय होता. अतिथी आणि घर हे दोन शब्द एकाच व्यासपीठावर आले आणि त्यांतला विरोध कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. घरी येणारा अतिथी नसतो. त्याच परिषदेत आशियाई हत्तीचा समावेश कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला. मेघालयाच्या डोंगरांतून बांगलादेशात उतरणारा हत्ती कुणाचा अतिथी? त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारत आणि बांगलादेश यांनी सीमेपलीकडे जाणाऱ्या हत्तींविषयी एक मसुदा मान्य केला. तो लिहिताना अतिथीची कल्पना कुणाच्याही उपयोगी पडली नसणार.

आणि मनाला हात घालायला पाहुणाच लागतो, हेही खरे नाही. नागालँडच्या वोखा जिल्ह्यातील पांगती गाव याची साक्ष देईल. अमूर ससाणा हा कबुतराएवढा शिकारी पक्षी आग्नेय सायबेरिया आणि उत्तर चीनमध्ये वीण करतो आणि हिवाळा दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला काढतो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो दोयांग जलाशयापाशी काही आठवडे थांबतो. २०१२ साली तिथे मासेमारीच्या जाळ्यांतून या ससाण्यांची प्रचंड प्रमाणावर पकड होत असल्याचे चित्रीकरण प्रसिद्ध झाले. त्या एका मोसमातला आकडा लाखाच्या घरात असावा, असा अंदाज मांडला गेला. ही पकड गरिबांच्या मिळकतीचा भाग होती, हेही विसरता येत नाही. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ग्रामसभा, चर्च, वनखाते आणि कार्यकर्ते यांनी मिळून ती जवळजवळ शून्यावर आणली. त्या नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्था, हंगेरीचे पक्षिशास्त्रज्ञ आणि बॉन कराराचे प्रतिनिधी यांनी तीन ससाण्यांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली आणि त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती.

या नावांत आम्हांस सगळी गोष्ट सापडते. ते पक्षी भारतीय द्वीपकल्प ओलांडून, न थांबता अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत पोहोचले आणि पांगतीच्या माणसांना आपल्या गावाचे नाव सोमालियाच्या नकाशावरून पुढे सरकताना दिसले. आपल्या जाळ्यातला पक्षी पुढे कुठे जाणार होता, हे त्यांना त्या दिवशी कळले. पांगतीने पक्ष्यांना आपले नाव दिले. त्यांच्याकडून पाहुण्याचे आभार मागितले नाहीत. वाटेवरचे एक गाव म्हणून स्वतःचे महत्त्व त्यांना कळले, आणि हीच वाटेकऱ्याची जाणीव. यात भावना नाही असे कोण म्हणेल?

कराराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आम्ही कागदाची आरती ओवाळतो आहोत असे वाटेल. बॉन कराराजवळ दंडाचे सामर्थ्य नाही. रशिया, चीन आणि अमेरिका ही तीन अवाढव्य राष्ट्रे त्याच्या बाहेर आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदला चौदावी परिषद भरली तेव्हा स्थलांतर करणाऱ्या जातींच्या स्थितीचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध झाला. करारात नोंदलेल्या १,१८९ जातींपैकी ४४ टक्के जातींची संख्या घटते आहे आणि २२ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, असे त्यात म्हटले आहे. नोंदलेल्या माशांच्या बाबतीत तर धोक्याचे प्रमाण ९७ टक्के आहे. चाळीस वर्षे चाललेल्या कराराला हे भूषणावह नाही. पण या आकड्यांचाच एक अर्थ असा की, वाटेवरच्या प्रत्येकाची मोजणी एकत्र करणारी व्यवस्था आता कुठे उभी राहते आहे. हिशेबाची वही उघडल्याशिवाय वाटेकऱ्यांचे भांडणही नीट होऊ शकत नाही. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत तीस देशांवरून जाणाऱ्या मध्य आशियाई हवाई मार्गाचे समन्वय केंद्र भारतात असावे, असे समरकंदला ठरले. म्हणजे ही वही यापुढे बऱ्याच अंशी आपल्या हाती असणार आहे.

आपले घर तपासायचे तर मुंबईकडे परतू. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहितांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली तो रामसर स्थळ म्हणून नोंदला गेला. पाहुण्यांची सोय झाली, असे समाधान वाटण्यासारखी ही गोष्ट आहे. परंतु रोहित ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात चरतात आणि भरती आली की त्यांना उभे राहण्यासाठी उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. ती जागा नवी मुंबईच्या तळ्यांत आणि पाणथळींत आहे. अभयारण्याच्या रेषेबाहेर, बांधकामाच्या नकाशांच्या आत. दिवसातून दोनदा त्यांना ही छोटी वाट चालावी लागते. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ एका विमानाची धडक बसून सुमारे चाळीस रोहित मेले, तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. पण त्या पक्ष्यांच्या उडण्याच्या वाटा आणि विसाव्याच्या जागा नगररचनेच्या कागदांत कुठे नोंदलेल्या आहेत काय, हा प्रश्न हळहळीपेक्षा अधिक कामाचा होता. पाहुण्याची वाट नगररचनेत नोंदत नाहीत. रहिवाशाची नोंदतात.

मराठीत हे भान नव्याने आणावे लागणार नाही. मारुती चितमपल्लींनी (१९३२-२०२५) आयुष्यभर रानात हिंडून आदिवासी, कोळी आणि पारधी यांच्याकडून पक्ष्यांची नावे आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या खुणा गोळा केल्या. त्या नावांमागचे लोक पक्ष्याला पाहुणा मानणारे नव्हते. तो कधी येतो, काय खातो, कशामुळे जातो, हे त्यांना शेजाऱ्याइतके माहीत होते. आपल्या पाठ्यपुस्तकांतून चितमपल्ली शिकवले जातात ते बहुधा 'निसर्गवर्णन' म्हणून. त्यांच्या लेखनातला हा शेजाराचा धागा वर्गात उलगडून दाखवता आला, तर 'परदेशी पाहुणे' हा मथळा पुढच्या पिढीला आपोआप खटकेल.

भरतपूरविषयी अजूनही असे लिहिले जाते की, सायबेरियन क्रौंच तिथे 'येईनासे झाले'. या क्रियापदाकडे नीट पाहावे. जणू त्यांनी बेत बदलला, रुसवा धरला, दुसऱ्या कुणाचे आमंत्रण स्वीकारले. ते येईनासे झाले नाहीत. ते मेले, वाटेत मारले गेले, त्यांची पिल्ले वाट शिकण्याआधी संपली, आणि अखेरच्या जोडीबरोबर ती वाटही संपली. पाहुणा आला नाही तर आपण दाराशी उभे राहून त्याची प्रतीक्षा करतो आणि मन हळवे करून घेतो. वाटेकरी नाहीसा झाला तर मात्र त्याचा वाटा कुणी खाल्ला, हे विचारावे लागते, आणि उत्तर देणाऱ्यांच्या रांगेत आपल्यालाही उभे राहावे लागते. 'पाहुणा' हा शब्द आपल्याला इतका प्रिय का, याचे कारण कदाचित इथेच असावे.